मिसुरी लांब, ओहायोचं पाणी जास्त, तरी मुख्य नदी मिसिसिपीच कशी?

पाठटाचण

नमस्कार. अकरावी-बारावीच्या मुलांसाठी जगातल्या मोठ्या नद्यांचं टिपण तयार करायचं आहे आणि एका मुद्द्यावर अडले आहे. मिसिसिपी ३,७७० किमी, मिसुरी ३,७६७ किमी, म्हणजे जवळपास सारख्याच. काही पुस्तकांत तर मिसुरीच लांब दिली आहे. तरी ती उपनदी. ओहायो जिथे मिसिसिपीला मिळते तिथे ओहायोचंच पाणी जास्त, पण तीही उपनदी. तिकडे सायबेरियात इर्तिश ओबपेक्षा लांब, आणि उपनदी म्हणून नोंद इर्तिशची.

उपनदी ठरवायचा काही नियम आहे का? लांबी बघायची, पाणी बघायचं की खोऱ्याचं क्षेत्रफळ? आणि मुलांना संगणकावर स्वतः मोजून बघता येईल अशी सोपी पद्धत असेल तर तीही सांगा. कॉलेजात क्यूजीआयएस हे नकाशे हाताळायचं सॉफ्टवेअर आहे.

---

संगमावरून

पाठटाचण, सर्वमान्य असा एकच नियम नाही. तीन कसोट्या वापरात आहेत: संगमाच्या वरची लांबी, संगमापाशी येणारा सरासरी विसर्ग (दर सेकंदाला वाहणारं पाणी) आणि संगमाच्या वरचं पाणलोट क्षेत्र. पण नावं या मोजमापांच्या कितीतरी आधी पडलेली आहेत. आपण नकाशावर वाचतो ते नाव, आणि मोजतो ते पाणी. दोन्ही जुळलंच पाहिजे असं कुठेच नाही.

पहिली चूक होते ती आकडे मांडतानाच. ३,७७० विरुद्ध ३,७६७ ही तुलनाच चुकीची आहे, कारण मिसिसिपीच्या ३,७७० मध्ये संगमाच्या खालचा, मेक्सिकोच्या आखातापर्यंतचा सगळा प्रवाह धरलेला आहे. तो भाग दोघींचाही आहे. तुलना संगमाच्या वर करायची. सेंट लुईसच्या थोडं वर, जिथे मिसुरी येऊन मिळते, तिथपर्यंत मिसिसिपी इटास्का सरोवरापासून १,८०० किमीच्या आसपास वाहून आलेली असते. मिसुरी ३,७६७. म्हणजे लांबीत मिसुरी दुप्पट भरते. क्षेत्रफळातही तीच पुढे: मिसुरीचं खोरं सुमारे १३.७ लाख चौ. किमी, आणि त्या ठिकाणापर्यंत मिसिसिपीचं सुमारे ४.४ लाख. पाण्यात मात्र मिसिसिपी वरचढ, कारण मिसुरीचं बरंचसं खोरं रॉकी पर्वताच्या पर्जन्यछायेतल्या कोरड्या मैदानांत आहे.

आता खाली कैरोला या (इजिप्तचं नव्हे, अमेरिकेतलं; ओहायो मिसिसिपीला मिळते ते गाव). ओहायो सरासरी ७,९०० घनमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास पाणी आणते, मिसिसिपी ५,९०० च्या आसपास, आणि त्या ५,९०० मध्ये मिसुरीचं पाणी आधीच आलेलं असतं. अॅपलाचियन पर्वताच्या बाजूला वर्षभर भरपूर पाऊस पडतो, म्हणून लहान खोऱ्यातून इतकं पाणी. थोडक्यात, लांबीने मोजलं तर मुख्य प्रवाह मिसुरी, पाण्याने मोजलं तर ओहायो. मिसिसिपी हे नाव टिकलं कारण युरोपीय लोक उत्तरेकडून आले. मार्केट आणि जोलिए हे दोन फ्रेंच प्रवासी १६७३ मध्ये विस्कॉन्सिन नदीतून मिसिसिपीत उतरले आणि खाली गेले. वाटेत पश्चिमेकडून गढूळ पाणी घेऊन येणारी मिसुरी त्यांना लागली, साहजिकच त्यांच्या लेखी ती बाजूने येणारी नदी झाली. इटास्का हा उगम म्हणून नोंदला गेला तो १८३२ मध्ये. तोपर्यंत नाव पक्कं झालं होतं.

मुलांना एकच उदाहरण द्यायचं असेल तर मी येनिसेई-अंगारा देईन. स्ट्रेल्का गावापाशी त्या मिळतात. अंगारा ही बैकल सरोवरातून बाहेर पडणारी एकमेव नदी. तिचं खोरं सुमारे १०.४ लाख चौ. किमी, येनिसेईचं तिथपर्यंतचं त्याच्या निम्म्याहूनही कमी. अंगारा सरासरी ४,५०० घनमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास पाणी आणते, येनिसेई त्याहून स्पष्टपणे कमी. लांबी बघायची तर अंगारा, बैकल, त्यात येणारी सेलेंगा आणि तिच्या वर मंगोलियातली इदेर असा माग काढला की समुद्रापर्यंत ५,५३९ किमी भरतात. नकाशावर येनिसेई हे नाव जिथून सुरू होतं त्या किझिलपासून मोजलेली येनिसेई ३,४८७ किमी. तिन्ही कसोट्यांवर अंगारा पुढे, आणि तरीही नाव येनिसेईचं.

ओब-इर्तिशमध्ये कसोट्या फुटतात. इर्तिश ४,२४८ किमी, तर खान्ती-मान्सीस्कजवळच्या संगमापर्यंत ओब तिच्या सुरुवातीपासून, म्हणजे बिया आणि कातुन या नद्यांच्या संगमापासून, सुमारे २,५०० किमी. पाणी मात्र ओबचं जास्त. इथे ओबला मुख्य म्हणायला निदान एक आधार आहे.

स्ट्राहलर श्रेणीबद्दल (प्रवाहांना उगमापासून क्रमांक देण्याची पद्धत) कोणी सुचवेल म्हणून आधीच सांगतो: तिने हा प्रश्न सुटत नाही. दोन समान श्रेणीचे प्रवाह मिळाले की खालची श्रेणी एकने वाढते, एवढंच ती सांगते. समान श्रेणीच्या दोघींत मोठी कोण, यावर ती गप्प आहे.

---

नीलकाठ

वरच्या उत्तरात विसर्ग वार्षिक सरासरीचा धरला आहे. तेवढ्यावर थांबू नका, हंगाम बघितल्याशिवाय नाईल कळतच नाही.

खार्तूमला पांढरी आणि निळी नाईल मिळतात. पांढरी लांब, निळी इथिओपियातल्या ताना सरोवरातून येणारी, सुमारे १,४५० किमी. इजिप्तला पोहोचणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८५ टक्के इथिओपियाच्या पठारावरून येतं, म्हणजे निळी नाईल, सोबात आणि अटबारा मिळून. पांढरी नाईल इतकी लांब असूनही मागे पडते, कारण दक्षिण सुदानातल्या सुद या दलदलीत बहर-एल-जेबेलचं (पांढऱ्या नाईलच्या वरच्या प्रवाहाचं) जवळपास निम्मं पाणी पसरून बाष्पीभवनाने जातं. पण नदीच्या नैसर्गिक प्रवाहात एप्रिल-मेमध्ये चित्र उलटतं. निळी आटलेली असते आणि पांढरीचा बऱ्यापैकी एकसारखा प्रवाहच खालच्या नदीला जिवंत ठेवतो. ऑगस्टमध्ये निळीला पूर आला की ती पांढरीचं पाणी अक्षरशः मागे अडवून धरते.

हे शेवटचं मोजमापाच्या दृष्टीने फार महत्त्वाचं आहे. विसर्ग काढताना बहुतेक ठिकाणी पाण्याची पातळी मोजतात आणि पातळी-विसर्गाच्या वक्रावरून आकडा काढतात. मोठ्या नदीचा फुगवटा उपनदीत शिरला की पातळी वाढते, पण वाहणारं पाणी वाढत नाही, उलट वेग कमी होतो. मग वक्र खोटा आकडा देतो. म्हणून उपनदीचा विसर्ग घेताना संगमाला चिकटून असलेलं केंद्र निवडू नये, फुगवट्याच्या वरचं निवडावं. ब्राझीलमधल्या मनौस बंदरावरचं मोजमाप १९०२ पासूनचं आहे, पण तिथे रिओ निग्रो या अॅमेझॉनच्या उपनदीच्या पाण्याची पातळी वर्षात सरासरी दहा मीटरच्या आसपास वरखाली होते ती मुख्यतः सोलिमोइंसच्या, म्हणजे संगमाच्या वरच्या अॅमेझॉनच्या, फुगवट्यामुळे. त्या पातळीवरून निग्रोचा विसर्ग काढायला जाऊ नये.

आणखी एक: अमेरिकन आकडे घनफुटांत असतात. १ घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे ३५.३ क्युसेक. धरणाच्या बातम्यांमुळे आपल्याकडे मुलांना क्युसेक ओळखीचा आहे, त्यामुळे तक्त्यात दोन्ही रकाने ठेवा, पण एका ओळीत दोन एककं मिसळू देऊ नका.

---

नकाशाघर

मोजायच्या पद्धतीबद्दल. हायड्रोशेड्स या प्रकल्पाचा हायड्रोरिव्हर्स हा जगभरातल्या नद्यांच्या रेषांचा संच मोफत आहे. त्यात प्रत्येक प्रवाहखंडाला वरची सर्वांत लांब वाट (डिस्ट-अप-केएम), वरचं पाणलोट क्षेत्र (अपलँड-एसकेएम) आणि सरासरी विसर्ग (डिस-एव्ही-सीएमएस) हे तिन्ही रकाने तयार मिळतात. तुमच्या तिन्ही कसोट्या एका क्लिकवर.

१. पूर्ण जगाचा संच उतरवू नका, आशियासारख्या एका खंडाचा घ्या. १० चौ. किमी खोऱ्याचे ओढेसुद्धा त्यात आहेत, साधा संगणक अडकतो.

२. थराच्या गाळणीत अपलँड-एसकेएम ५,००० पेक्षा जास्त अशी अट घाला. मोठ्या नद्या तेवढ्या उरतात.

३. संगम शोधा आणि आयडेंटिफाय साधनाने संगमाच्या लगेच वरच्या दोन्ही प्रवाहखंडांवर एकेक क्लिक करा. दोन्हींचा नेक्स्ट-डाउन (खाली लागणाऱ्या पुढच्या प्रवाहखंडाचा) क्रमांक एकच असला पाहिजे. तो वेगळा असेल तर तुम्ही संगम सोडून वरच्या कुठल्यातरी प्रवाहखंडावर क्लिक केलं आहे. व्होल्गा-कामासारख्या ठिकाणी ही चूक हमखास होते, कारण तो संगम कुइबिशेव जलाशयाखाली बुडालेला आहे आणि उपग्रह चित्रात नुसतं पाणी दिसतं.

४. तीन आकडे तक्त्यात उतरवा, प्रत्येक कसोटीवर कोण पुढे ते लिहा.

तीन इशारे. विसर्गाचा रकाना नैसर्गिक प्रवाहाच्या प्रतिमानातून आलेला आहे, धरणं-कालव्यांनी काढलेलं पाणी त्यात वजा नाही. प्रत्यक्ष केंद्रावरच्या आकड्याशी तो जुळणार नाही. दुसरं, या संचाचा पाया असलेली एसआरटीएम (अवकाशातून रडारने मोजलेली) उंची ६० अंश उत्तरेच्या वर नाही, तिथे जाडसर माहिती वापरली आहे. येनिसेई-अंगारा संगम ५८ अंशांवर आहे, तो चालेल. ओब-इर्तिश ६१ अंशांवर, तिथे आकडे जपून घ्या. तिसरं, जाळी १५ आर्क-सेकंदांची आहे, विषुववृत्तावर साधारण अर्धा किमी. त्याहून लहान वळणं गाळली जातात, म्हणून लांबी छापील आकड्यापेक्षा सहसा कमी येते. दोन्ही नद्या एकाच संचातून मोजल्या तर तुलनेला बाध येत नाही. एक छापील आणि एक मोजलेला आकडा शेजारी ठेवू नका.

छापील लांबी तरी स्थिर कुठे असते? मिसुरीचं पात्र सरळ केल्यामुळे ती सुमारे ३२० किमीने आखूड झाली. जुन्या आणि नव्या पुस्तकांतला फरक बराचसा यातूनच येतो.

---

पाठटाचण

खूप आभार सर्वांचे, करून पाहिलं. दोन गोष्टी अडल्या. अंगाराची रेषा फील्ड कॅल्क्युलेटरने मोजली तर १,७७९ किमीच्या पावणेदोनपटीच्या आसपास आकडा येतो. आणि गोदावरी-प्राणहिता संगमावर प्राणहितेसाठी डिस्ट-अप-केएममध्ये शेकडो किमी दिसतात, पुस्तकात तर प्राणहिता ११३ किमी आहे. कुठला धरू?

---

नकाशाघर

अंगाराचं कारण प्रक्षेप. मागे गूगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा लावून थर ३८५७ मध्ये, म्हणजे वेब मर्केटर प्रक्षेपात, बदललेला असणार. वेब मर्केटरमध्ये ५२ अंशांवर अंतर १.६ पट आणि ५८ अंशांवर १.९ पट ताणलं जातं, पावणेदोन तिथूनच आले. प्रकल्पाच्या गुणधर्मांत एलिप्सॉइड (पृथ्वीचा गोलसर आकार) म्हणून डब्ल्यूजीएस ८४ निवडा आणि कॅल्क्युलेटरमध्ये डॉलर चिन्ह लावलेलं लेंग्थ वापरा. नुसतं लेंग्थ फंक्शन सपाट अंतर देतं.

---

संगमावरून

प्राणहितेचं उत्तर असं. ११३ किमी ही फक्त त्या नावाच्या प्रवाहाची लांबी, वर्धा-वैनगंगा संगमापासून गोदावरीपर्यंतची. डिस्ट-अप-केएम नावं ओळखत नाही, तो सगळ्यांत लांबच्या उगमापर्यंत जातो. तुलनेसाठी हाच आकडा बरोबर. ती वाट वैनगंगेतून जाते की वर्धेतून पैनगंगेत शिरते, हे मुलांना नेक्स्ट-डाउन क्रमांक उलटे जोडत वर जाऊन शोधू द्या. नावावरून मोजलं तर सुमारे १ लाख ९ हजार चौ. किमीचं, म्हणजे गोदावरी खोऱ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त पाणलोट असलेला प्रवाह ११३ किमीचा वाटतो, आणि सगळा हिशोब बिघडतो. देवप्रयागलाही हेच बघा: पाणी अलकनंदेचं जास्त, पण उगमाचा मान भागीरथीला.

---

नीलकाठ

अॅमेझॉन घेणार असाल तर एक जागा आधीच माहीत असू द्या. कासिकियारे हा सुमारे ३२५ किमीचा प्रवाह व्हेनेझुएलात ओरिनोकोतून फुटतो, तिथल्या पाण्याचा चौथ्या हिश्श्याच्या आसपास भाग घेऊन जातो आणि रिओ निग्रोला मिळतो. म्हणजे ओरिनोकोची शाखानदी, निग्रोची उपनदी. हम्बोल्ट या जर्मन संशोधकाने १८०० मध्ये तिथून नौकेने प्रवास केला होता. दोन खोऱ्यांना जोडणारा इतका मोठा नैसर्गिक प्रवाह फार दुर्मिळ आहे, आणि मला स्वतःला भूगोलातली ही सर्वांत सुंदर जागा वाटते. पण हायड्रोरिव्हर्समध्ये प्रत्येक खंडाला नेक्स्ट-डाउन एकच असतो, दोन वाटा नोंदवताच येत नाहीत. त्यामुळे तिथला फाटा या संचात दिसणार नाही. गोदावरीच्या त्रिभुजात गौतमी-वसिष्ठा फुटतात तिथेही तीच अडचण. अशा जागी उपग्रह चित्र उघडून हाताने रेषा काढा, आणि तक्त्यात ती ओळ वेगळी दाखवा.