10 टायर ट्रकमध्ये सबवूफर: 12 इंची घेऊ की 10 इंची?

डिचोलीचो_गाडयेकार
नमस्कार मंडळी, गाडी 10 टायर, स्लीपर केबिन, बेळगावहून भाजी भरून रात्री अनमोडमार्गे फोंडा-म्हापसा असा रोजचा धंदा. दारातले दोन स्पीकर आहेत पण इंजिनाच्या घरघरीत खालचा आवाज काही लागत नाही. मी भजनवाला माणूस, पखवाज वाजला की फक्त टक टक ऐकू येतं, डाव्या तोंडाची धूम गायबच. मागच्या वर्षी एका दुकानात 12 इंची बसवून घेतला होता, त्याने 24 व्होल्टच्या भानगडीत न पडता दोनपैकी एका बॅटरीवरून वायर काढून दिली, सहा महिन्यांत ती बॅटरी मेली आणि गाडी मोल्याला उभी राहिली, भाजीचं काय झालं विचारू नका. आता पुन्हा बसवायचाय. बर्थखाली टूलबॉक्स सोडून लांबी 60, खोली 35, उंची 30 सेमी मिळते. दुकानदार म्हणतो 12 इंची घे, डब्यावर 3000 वॅट लिहिलंय. काय करू?

फोंड्याचा_वायरमन
दादा, सबवूफर राहू दे बाजूला, आधी करंटचं बघ. तुझ्या गाडीत 12 च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये आहेत. एकीवरून लोड ओढला की ती उतरत राहते, पण चार्जिंग दोघींना मिळूनच होतं, म्हणजे एक कायम उपाशी आणि दुसरी ओव्हरचार्ज. मेली त्यात नवल नाही. आणि गाडीचा अँप (अँप्लिफायर, तो 12 व्होल्टचाच असतो) थेट 24 ला जोडायचा विचारही नको, इंजिन चालू असताना 28 व्होल्टच्या आसपास मिळतात, जाळ होईल.
24 चा 12 करणारा कन्व्हर्टर लाव. हिशेब सोपा आहे, 250 वॅट आरएमएसचा (आरएमएस म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद) क्लास डी (कमी करंट खाणारा) अँप फुल वाजला तर साधारण 23 अँपिअर ओढतो, तेव्हा खरा 30 अँपिअरचा कन्व्हर्टर हवा, मोबाईल चार्ज करायचा 5-10 अँपिअरवाला नको. त्याची इनपुट वायर दोन्ही बॅटऱ्यांच्या एकत्र टोकांवरून घ्यायची, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकायचा आणि इग्निशनवरून रिले (करंटने चालणारा स्विच), नाहीतर गाडी उभी असताना पण कन्व्हर्टर थोडा थोडा करंट पीत बसतो. वायर शुद्ध तांब्याची घे रे, अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, आपल्या खाऱ्या दमट हवेत तिची टोकं दोन पावसाळ्यांत पांढरी पडतात.
ते 3000 वॅट म्हणजे पीक, क्षणभराचा आकडा, दुकानातली जाहिरात. आरएमएस किती लिहिलंय तेवढंच वाच.

पेटीवाला_म्हापसा
मी सुतार, पेट्या करतो. 12 इंचीची फ्रेमच 31-32 सेमी असते, तुझी उंची 30, समोर तोंड करून बसणारच नाही. वर तोंड केलंस तर बर्थच्या फळीला चिकटेल आणि तू झोपलास की पाठीला मसाज. 10 इंची घे, 27 सेमीत बसतो.
पेटी बाहेरून 40 लांब, 28 खोल, 30 उंच, 18 मिमीच्या फळीची कर, आतून 23 लिटरच्या आसपास भरते, बहुतेक 10 इंचींना बंद पेटीत एवढं पुरतं (तरी कंपनीच्या कागदावरचा आकडा बघून घे). भोकवाली पेटी दणका जास्त देते पण घुमते, भजनाला बंदच पेटी, पखवाजाचा प्रत्येक बोल सुटा येतो. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मात्र नको हां. सगळे तेच विकतात, पण केबिनच्या फ्लोअरला पावसात पाणी झिरपतंच आणि एमडीएफ बिस्किटासारखं फुगतं. मरीन प्लाय घे, सांध्याला सिलिकॉन मार आणि खाली रबराचे पाय लाव.

रात्रीचा_प्रवासी
सगळं बरोबर पण मी काढून टाकला माझा. घाटात गाडी रिव्हर्स घेताना क्लीनर मागून बॉडीवर थाप मारतो ना, एक थाप म्हणजे थांब, सलग म्हणजे येऊ दे. मला बेसचा ठोका वाटला. मागे गडगा होता म्हणून वाचलो.

डिचोलीचो_गाडयेकार
पेटीवाले भाऊ, टेप लावून बघितली, 30 पण नाही, एका कडेला 29.5 आहे, पेटी अर्धा सेमी कमी करता येईल ना? आणि माझा सेट कंपनीचा आहे, मागे अँपला सिग्नल द्यायचं आरसीए सॉकेट नाही.

फोंड्याचा_वायरमन
हाय लेव्हल इनपुटवाला अँप घे, स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल मिळतो, पण सेट 24 वाला असला तर आधी एखाद्या जाणकाराकडून तपासून घे. सबवूफर ड्युअल 4 ओहमचा असला तर पॅरलल केल्यावर 2 ओहम होतो, अँप 2 ओहमला चालतो का ते दुकानातच विचार. लो पास (वरचे आवाज गाळणारा फिल्टर) 80 हर्ट्झला ठेव. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, आवाज फाटायला लागला की मागे घे.

पेटीवाला_म्हापसा
29 करतो, लांबी 42 घेतली की लिटर भरून निघतात. गुरुवारी गाडी घेऊन ये, टूलबॉक्स काढून ठेव.

डिचोलीचो_गाडयेकार
आलो गुरुवारी. रिव्हर्सच्या लायटीवरून अँप बंद होईल असा एक रिले पण टाकून दे वायरमन दादा, क्लीनर आधीच चिडलाय माझ्यावर.

फोंड्याचा_वायरमन
होतंय. रिमोटची वायर (अँप चालू-बंद करणारी) त्या रिलेतून नेली की झालं, रिलेचं कॉइल मात्र 24 चं आण.