मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या व्हिनाइल टपाची सफाई आणि निगा

नमस्कार मंडळी,

काकांनी वर्षानुवर्षं जिवापाड जपलेली दोन दारांची जुनी गाडी आता माझ्याकडे आली आहे. इंजिनाचं काम मार्गी लागलं, आतल्या सीटाही बऱ्या आहेत. अडलंय ते टपावर. टपाला काळं व्हिनाइल आहे. हल्ली गाड्यांवर चिकटवतात ती गुळगुळीत रॅपची फिल्म नव्हे, तर पत्र्यावर डकवलेलं, चामड्यासारखा रवाळ पोत असलेलं जाड कापड. मधोमध दोन लांब शिवणी आहेत.

धुतल्यावर टप काळाभोर दिसतो, पण वाळला की पोताच्या बारीक खाचांतून पांढुरक्या रेषा परत वर येतात. पुढच्या काचेच्या वरच्या भागावर हात फिरवला तर बोटांना खडूसारखी भुकटी लागते. एका बाजूला बुरशीचे ठिपके आहेत, झाडाचा चीक पडून घट्ट झालेला आहे. मागच्या काचेच्या कोपऱ्यात, क्रोमच्या पट्टीला लागून, नखाएवढा एक फुगा आलाय. दाबला की आत चुरचुरतं.

ओळखीतले लोक वेगवेगळं सांगतात. कुणी म्हणतं बुटाचं काळं पॉलिश लाव, कुणी म्हणतं पेट्रोलच्या फडक्याने पूस, कुणी टायरला लावायचं चकाकीचं द्रव्य सुचवतं. मला टप नव्यासारखा चकचकीत नकोय. आहे ते व्हिनाइल टिकावं, एवढंच हवंय, कारण काकांच्या हातची ही शेवटची वस्तू आमच्या घरात आहे. कशाने धुवू, धुतल्यावर काय लावू आणि त्या फुग्याचं काय करू? ज्यांनी हे काम स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

---

संथगती:

पेट्रोल, थिनर, ॲसिटोन यांतलं काहीही टपाजवळ नेऊ नका. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. ते मऊ राहतं आत मिसळलेल्या प्लास्टिसायझरमुळे. उन्हाने आणि वयाने तो हळूहळू निघून जातोच, सॉल्व्हंटने तो भराभर ओढला जातो. मग कापड कडक होतं आणि आधी शिवणीपाशी तडकतं. ब्लीच आणि अमोनियावाले क्लीनरही नकोत, ते शिवणीचा दोरा कमजोर करतात. बुटाचं पॉलिश खाचांत बसतं, पावसात काचेवर ओघळतं आणि पुढे रंग द्यायचा झाला तर रंग धरू देत नाही. नेहमीचं बॉडी वॅक्सही नको, त्याचा पांढरा थर पोतात अडकला की काढता काढता पुरेवाट होते.

धुवायचं ते सावलीत, टप गार असताना. आधी भरपूर पाणी सोडून धूळ वाहून जाऊ द्या. मग सौम्य कार शाम्पू आणि मऊ केसांचा ब्रश. एका वेळी हातभर जागा घ्या, ब्रश गोल फिरवा, मग दुसऱ्या दिशेने फिरवा, आणि फेस वाळायच्या आत धुऊन टाका. खाचांतला मळ एका फेरीत निघत नाही. फेस राखाडी येतोय तोवर पुन्हा करायचं, पण जोर वाढवायचा नाही. भांड्यांची घासणी किंवा तो पांढरा मॅजिक स्पंज वापरू नका, दोन्ही वरचा थर खरवडतात. प्रेशर वॉशर शिवणीवर मारलात तर पाणी थेट आत जाईल.

बुरशीला पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं, पाच मिनिटं ठेवून ब्रश आणि मग स्वच्छ पाणी. चिकावर कोमट पाण्याचा ओला फडका ठेवून तो मऊ पडू द्या, नखाने उचकटू नका.

---

पत्रा_आणि_रंग:

संथगती यांनी सफाईचं नेमकं लिहिलंय. पण माझ्या मते आधी फुगा, मग सफाई. आत चुरचुरतंय म्हणजे बहुधा गंजाचे पापुद्रे आहेत. व्हिनाइलच्या टपाला खरा धोका उन्हापेक्षा आत अडकलेल्या पाण्याचा असतो. मागच्या काचेभोवतीची क्रोम पट्टी क्लिपांवर बसते, क्लिपांच्या बुडाशी पाणी साचतं आणि पत्रा आतून कुजतो. वरून कापड शाबूत दिसतं, म्हणून कुणाला पत्ताच लागत नाही. अशा टपाला बादलीभर पाण्याने धुणं म्हणजे आत आणखी पाणी घालणं. फुगा टोचू किंवा कापू नका. पट्टी काढा, कापडाची कड हलक्या हाताने उचला आणि बघा.

---

मूळ धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. पट्टी काढली. खाली ओला चिखल आणि कुजलेल्या पानांचा लगदा होता. पत्र्यावर गंज आहे, पण स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहिलं, आरपार गेलेला नाही. कड उचलली तेव्हा कापड फाटलं नाही, अजून मऊ आहे. आता पुढे काय? रंगाचाही विचार मनात आहे, पुढचा भाग फारच विटलाय.

---

पत्रा_आणि_रंग:

पत्रा आरपार गेलेला नाही हे फार चांगलं झालं. गंज घासून चकचकीत पत्र्यापर्यंत या, पूर्ण वाळू द्या, मग इपॉक्सी प्रायमर. प्रायमर नीट सुकल्यावर उष्णता सोसणारा कॉन्टॅक्ट ॲडहेसिव्ह पत्र्याला आणि कापडाला दोन्हीकडे लावा, हाताला नुसता चिकट लागेल इतका वाळू द्या आणि मग रोलरने आतून कडेकडे दाबत जा. साधा स्प्रेचा गोंद उन्हात सुटतो. पट्टी परत बसवताना प्रत्येक क्लिपच्या बुडाशी सीलर भरायला विसरू नका.

रंगासाठी व्हिनाइलचाच लवचिक रंग घ्या, पातळ हात द्या. तुमचं एकरंगी काळं आहे म्हणून हे सोपं आहे. १९६९ साली प्लिमथ या अमेरिकन गाड्यांच्या कंपनीने फुलाफुलांच्या नक्षीचे व्हिनाइल टप दिले होते. तसल्या टपाला रंग दिला की नक्षी कायमची गेली.

---

संथगती:

आणि रंग द्यायचा असेल तर प्रोटेक्टंट, म्हणजे व्हिनाइल जपणारं द्रव्य, आधी लावू नका, नाहीतर रंग धरणार नाही. रंग पक्का झाल्यावर पाण्यावर आधारित, अतिनील किरण अडवणारं प्रोटेक्टंट घ्या. टायरचं तेलकट द्रव्य नको, त्यावर धूळ बसते. फडक्यावर थोडं घेऊन पोतात जिरवा आणि कोरड्या फडक्याने जास्तीचं पुसून काढा, हाताला चिकट लागता कामा नये. गाडी उन्हात उभी राहत असेल तर दर महिन्या-दीड महिन्याने. पाणी टाकल्यावर थेंब जमायचे थांबले की पुन्हा लावायची वेळ झाली असं समजा. कव्हर घालाल तर हवा खेळणारं घाला, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि बुरशी परत येते.