निकॅड, निम्ह, लायपो : तुम्ही कसं म्हणता?

परवा मैत्रिणीशी फोनवर लिथियम-पॉलिमर बॅटरीबद्दल बोलत होते. मी 'लिपो' म्हणत होते, ती 'लायपो'. आम्ही दोघी एकाच वस्तूबद्दल बोलतोय हे कळेपर्यंत बराच वेळ गेला. आपण लिथियम म्हणतो, लायथियम नाही, म्हणून मला लिपोच सरळ वाटतं. पण ही नावं वाचायची कशी हे कुणी शिकवत नाही. ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, त्याचाच उच्चार जिभेवर बसतो. तुम्ही काय म्हणता, कुणाकडून उचललंत, आणि त्यावरून कधी घोटाळा झाला का, ते सविस्तर लिहा.

—

मी निकॅडच्या काळातला. निकेल-कॅडमियमला 'एन-आय-सी-डी' म्हणणारा माणूस मला कित्येक वर्षं भेटलाच नव्हता. ही बॅटरी स्वीडनमध्ये वाल्डेमार युंग्नर यांनी १८९९ साली केली. 'निकॅड' हे मात्र साफ्ट या कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे. ते सगळ्यांच्याच तोंडी इतकं रुळलं, की मी ते वस्तूचंच नाव समजत होतो.

पुढे निकेल-मेटल हायड्राइड आली आणि पंचाईत झाली. इंग्रजीत बोलणारे तिला 'निम' म्हणून शेवटचा एच गिळतात, नाहीतर चारही अक्षरं सुटी म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून 'निम्ह' म्हणतो. 'आम्ही', 'म्हैस', 'म्हणून' म्हणणाऱ्या जिभेला 'म्ह' काय जड आहे? चारही अक्षरं एका दमात येतात, एकही गळत नाही. हा उच्चार मला मनापासून आवडतो.

—

निम्ह छान आहे, पण फोनवर मी तो वापरणार नाही. मी बॅटरी पॅक दुरुस्त करते. लोक घाईत 'एन-आय-एम-एच' मधला आय खातात आणि 'एनएमएच' म्हणतात. तो मला 'एनएमसी' ऐकू येतो, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टचा लिथियम सेल. एकाचा सेल १.२ व्होल्टचा, दुसऱ्याचा ३.६ किंवा ३.७ चा. एकदा मी एनएमसी समजून सेल काढून ठेवले आणि पॅक समोर आला तो हायड्राइडचा. तेव्हापासून मी समोरच्याला अख्खं नाव म्हणायला लावते.

—

माझा प्रसंग रेडिओवर उडवायच्या विमानांच्या मैदानावरचा. वारा होता, बाजूला एक इंजिन चालू. मित्राने पॅक हातात दिला आणि चार्जरला लावायला सांगितलं. तो म्हणाला 'लाइफ-पो', मी ऐकलं 'लायपो'. चार सेलचा पॅक होता, म्हणून चार्जरवर लायपो, ४ एस निवडलं. पडद्यावर १३.३ व्होल्ट आले. मी म्हटलं, "अरे, हा तर जवळजवळ रिकामा आहे." तो म्हणाला, "रिकामा कसा? कालच भरलाय."

तिथे माझा हात थांबला. १३.३ भागिले चार म्हणजे सेलमागे साधारण ३.३. लायपोसाठी हे तळाला गेल्याचं लक्षण, पण लिथियम आयर्न फॉस्फेटचा भरलेला सेल स्वस्थ ठेवला की एवढ्यावरच येऊन बसतो. मी सुरू केलं असतं तर चार्जरने प्रत्येक सेल ४.२ पर्यंत चढवला असता. त्याची मर्यादा ३.६५.

या रसायनाच्या नावाचे किती तुकडे पडतात बघा : 'लाइफ-पो-फोर', 'लिफेपो', 'एल-आय-एफ-ई-पी-ओ-फोर'. चार्जरच्या यादीत ते नुसतं 'लाइफ' होतं आणि नवशिक्याला वाटतं, आयुष्याबद्दलच काहीतरी लिहिलंय. त्यातला 'फे' म्हणजे फेरम, लोखंड. मी आता 'एलएफपी' म्हणतो. त्याची लायपोशी कानाला गल्लत होत नाही.

—

मी रसायनशास्त्र शिकवते. संज्ञा आम्ही अक्षरं सुटी करूनच वाचतो, म्हणून माझ्या वर्गात 'एन-आय, सी-डी'. पण बोलताना मोठं आणि छोटं अक्षर ऐकू येत नाही, ही खरी अडचण. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड मी 'एल-आय-सी-ओ-ओ-टू' असं सांगितलं, तर एका मुलीने वहीत 'सी'नंतरचा ओ मोठा काढला आणि विचारलं, "बाई, यात कार्बन कुठून आला?" प्रश्न अगदी बरोबर होता. आता मी फळ्यावर संज्ञा लिहिते, तोंडाने पूर्ण 'कोबाल्ट' म्हणते.

—

अक्षरांचं झालं, आकड्यांचं काय? १८६५० हा सेल कुणी 'एटीन-सिक्स-फिफ्टी' म्हणतं, कुणी 'अठरा हजार सहाशे पन्नास'. मी 'अठरा-पासष्ट-शून्य' म्हणतो. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५, आणि शेवटचं शून्य म्हणजे सेल गोल नळीसारखा. तसाच 'एकवीस-सत्तर-शून्य'. असं तोडलं की माप आपोआप कळतं, पट्टी काढावी लागत नाही. 'चौदा-पन्नास-शून्य' तर मुद्दाम सावकाश म्हणावा, कारण तो 'डबल-ए' सेलच्या खाचेत बरोबर बसतो आणि असतो मात्र ३.७ व्होल्टचा.

—

मी माहितीपत्रकांचं भाषांतर करते. मला सर्वांत जास्त खुपतं ते 'वॅट प्रति तास'. वॅट आणि तास यांचा गुणाकार असतो, 'प्रति' म्हटलं की भागाकार झाला. १०,००० एमएएचची बॅटरी, ३.७ व्होल्ट, म्हणजे ३७ वॅट-तास. ५ वॅटचा दिवा त्यावर सात तासांच्या थोडं वर चालेल, तेही वाटेत काही वाया जात नाही असं धरलं तर. हे गणित 'वॅट-तास' या शब्दातच आहे. एमएएचसुद्धा मी जागा असेल तिथे 'मिलिअँपिअर-तास' लिहिते. लांब आहे, पण त्यात काही लपत नाही.

—

मला दिसत नाही, फोन मजकूर वाचून दाखवतो. तो एमएएचला कधी 'मा' म्हणतो, कधी तीन अक्षरं. 'लायन' आलं की मी थांबून अक्षर-अक्षर ऐकतो, मग कळतं की ते लिथियम-आयन आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी एकदा तरी पूर्ण नाव लिहावं, मग पुढे खुशाल लघुरूप वापरावं. माझं वाचन फार सोपं होतं.

—

'वीस सी' राहिलं की! पॅकवरचा हा सी तापमानाचा नाही, तो पॅकच्या क्षमतेची पट सांगतो. २२०० एमएएचचा पॅक वीस सीने म्हणजे ४४ अँपिअरने रिकामा करता येतो. माझ्या भावाने ते वीस अंश समजून पॅक थंड जागी जपून ठेवला होता. आता आम्ही घरात 'वीस पट' म्हणतो.

—

मैदानावरचा प्रसंग वाचून उठले आणि माझ्या चारही पॅकवर कागदी पट्टी चिकटवली. दोनवर लिहिलं, 'लोखंडवाला, सेलला ३.६५'. उरलेल्या दोनवर, 'पॉलिमर, सेलला ४.२'. धाकट्याने पट्टी मोठ्याने वाचली, आणि लिपो की लायपो हे त्याने विचारलंच नाही.