४०७० सुपर ग्राफिक्स कार्डसाठी किती वॉटचा एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) घ्यावा? ५५०, ६५० की ८५०?

वर्धारोड_गेमर:
भाऊ लोक, पहिल्यांदाच पूर्ण पीसी असेंबल करून राहिलो. रायझन ५ ७६०० सीपीयू, आरटीएक्स ४०७० सुपर, १६-१६ च्या दोन रॅम, एक एनव्हीएमई एसएसडी, कॅबिनेटले चार फॅन. बाकी सगळं फायनल आहे, अडलं ते एसएमपीएसवर. इथं नागपुरात बर्डीत दोन दुकानं फिरलो, एक म्हणे कॅबिनेटसोबत ५०० वॉटचा येऊन राहिला तोच ठेव, वेगळे पैसे कायले घालवतो, दुसरा म्हणे ८५० च्या खाली घेऊच नको. कोणाचं ऐकू? आणि बाबा म्हणून राहिले की ८५० चा लावला तर लाईट बिल वाढेल, हे खरं आहे का?

मानेवाडा_रिग:
बाबांना सांग टेन्शन नका घेऊ, ८५० म्हणजे तो जास्तीत जास्त तेवढं देऊ शकतो, पीसीला जेवढं लागते तेवढंच तो ओढते. बिल तुझ्या गेमिंगच्या तासांवर वाढेल, वॉटच्या आकड्यावर नाही.
आता हिशोब पाय. ७६०० चा टीडीपी (कंपनीनं दिलेला वॉटचा आकडा) ६५ वॉट लिहिलेला असला तरी डिफॉल्ट सेटिंगवर तो ८८ पर्यंत जाते. ४०७० सुपर २२० वॉटचं कार्ड. बोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन मिळून पन्नास-साठ पकड. म्हणजे फुल लोडला ३७० च्या आसपास. पण कार्ड काही सरळ रेषेत करंट ओढत नाही, मधेमधे अगदी क्षणभर बरंच जास्त ओढते आणि एसएमपीएस कच्चा असला की तेवढ्यातच पीसी धाडकन बंद होते, म्हणून मधे जागा सोडावी लागते. एनव्हीडियानं पण या कार्डले ६५० च सांगितलं आहे. चांगल्या कंपनीचा ६५० घे, एटीएक्स ३.० किंवा ३.१ वाला मिळाला तर उत्तमच, त्या स्टँडर्डमधे असे झटके सहन करायची अटच आहे.

खामला_ताई:
वरचा हिशोब बरोबर आहे, पण आकड्याआधी स्टिकर बघ रे. डब्यावर ५०० छापलेलं असतं आणि पीसीचं खरं काम चालतं १२ व्होल्टवर, सीपीयू आणि कार्ड दोन्ही तिथूनच खातात. एसएमपीएसच्या अंगावरचा तक्ता वाच, +१२व्ही च्या खाली अँपिअर किती ते बघ आणि १२ ने गुण. चांगल्या ६५० वर ५४ अँपिअर दिसेल, म्हणजे ६४८ वॉट, जवळपास पूर्ण. कॅबिनेटसोबत येणाऱ्यावर १८ लिहिलेलं असलं तर झाले २१६, आणि तुझं एकटं कार्डच २२० चं!! १२व्ही१, १२व्ही२ असे दोन कॉलम असले तर दोघांची बेरीज नको करू, खाली एकत्र वॉट दिलेले असतात ते धर.
आणखी एक, ते वॉट किती तापमानाला मोजलेत तेही बघ. काही ४० डिग्रीला रेट करतात, चांगले ५० ला. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असते, दुपारी कूलर बंद असला तर खोली पण तापलेली, त्यात कॅबिनेटच्या आतली हवा. मी तरी ५० वालाच घेईन.
८० प्लस ब्राँझ-गोल्ड बघून क्वालिटी ठरवू नको, ते फक्त किती वीज वाया जाते ते सांगते. वॉरंटी आणि रिव्ह्यू बघ.

सदर_ओव्हरक्लॉक:
मी थोडा वेगळा बोलतो. पुढे दोन-तीन वर्षांनी मोठं कार्ड टाकायचा विचार असेल तर ८५० चुकीचा नाही, चांगला एसएमपीएस दोन-तीन पीसी बघते. पण त्यासाठी आत्ता कार्ड छोटं करू नको, आणि लोकल ८५० पेक्षा चांगला ६५० कधीही.

वर्धारोड_गेमर:
समजलं, थँक्यू सगळ्यांना. स्टिकर पाहूनच घेतो. घरी ६०० व्हीएचा यूपीएस पडून आहे, तो चालेल नं? आमच्याकडे पावसाळ्यात लाईट लय जाते.

मानेवाडा_रिग:
नाही चालणार. ६०० व्हीएवाले साधारण ३६० वॉटचे असतात, गेम चालू असताना मॉनिटर धरून तू ४०० च्या वर जाशील, लाईट गेली की यूपीएस ओव्हरलोड होऊन तो पण बसेल. ११०० व्हीए च्या आसपासचा पाय, आणि जमलं तर प्युअर साइन वेव्ह (बॅटरीवरही घरच्या लाईटसारखाच करंट देणारा), कारण चांगल्या एसएमपीएसमधे ॲक्टिव्ह पीएफसी (लाईनमधून करंट नीट ओढायचं सर्किट) असते आणि काही स्वस्त यूपीएससोबत ते बॅटरीवर जाताच बंद पडतात. जुना यूपीएस राऊटरले लाव.
आणि कार्डसोबत दोन ८ पिनचा अडॅप्टर आला तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल ओढ, एकाच केबलच्या दोन शेंड्या लावू नको.

वर्धारोड_गेमर:
ओके भाऊ. शनिवारी बर्डीत जातो, घ्यायच्या आधी स्टिकरचा फोटो इथे टाकतो, एकदा पाहून सांगा.