पगारवाढ घेऊ की नको? पाचवा महिना आणि नवरा बी.एड.ला

स्टोअरवाली

नमस्कार. मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या स्टोअरला आहे, अडीच वर्षं झाली. पाचवा महिना चालू आहे, तारीख जानेवारीअखेरची दिलीय. नवरा बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला. आधी एका शाळेत ९ हजारांवर शिकवायचा, पण बी.एड.शिवाय पुढे सरकता येईना, म्हणून दोघांनी ठरवूनच नोकरी सोडली. तेव्हा "बायकोच्या जिवावर शिकतोय" वगैरे इथं नको. ते ऐकवायला नातेवाईक पुरेसे आहेत.

पगार २०,५०० रुपये. पीएफ १,४४० आणि ईएसआयसी (कामगार विमा) १५४ कापून हातात १८,९०६ येतात. कसबा बावड्यात एक खोली-किचन, भाडं ५,५००. गाडीचा हप्ता २,३५०, किराणा-दूध-भाजी ५,०००, गॅस-लाईट १,४००, पेट्रोल १,५००, गल्लीतली भिशी १,०००. उरतात २,१५६. नवरा संध्याकाळी सातवी-आठवीच्या पोरांच्या शिकवण्या घेतो, त्याचे चारेक हजार. पण परीक्षा संपल्या की पोरंही संपतात.

डिसेंबरपर्यंत कॉलेजचे १८ हजार भरायचेत. सासूबाई म्हणतात, पाटल्या गुजरीत सोनाराकडे ठेवून पैसे उचला.

खरा प्रश्न वेगळाच आहे. शेठ म्हणाले, ऑक्टोबरपासून तुझा पगार २२ हजार करतो. मी पेढे आणायच्या बेतात होते. तेवढ्यात टाइम ऑफिसमधला एक जण म्हणाला, "२१ हजारांच्या वर गेलीस की ईएसआयसी बंद, मग बाळंतपणाची रजा विसर." त्या रात्री झोप नाही. पगारवाढ नको म्हणून सांगू का? असं कोणी सांगतं तरी का?

बावड्याची आत्या

अगं पोरी, पगारवाढीचं ते कायदेवाले सांगतील, मी बाकीचं सांगते. पाटल्यांना हात लावू नको. फीसाठी ठेवलेलं सोनं सोडवायच्या वेळी बाळाचा खर्च अंगावर येतो आणि व्याज भरत बसावं लागतं. माझं असंच झालंय.

भिशी बंद करायचा विचार असेल तर तोही सोड. नंबर कितवा आहे? डिसेंबरचा ज्या बाईचा आहे तिला विचार, बदलून देते का.

आणि दुकानातून बाळासाठी काही आणू नको. पहिल्या लेकराला अंगावर जुनंच घालतात, सुती लुगड्याची दुपटी सगळ्यात मऊ. पाळणा कुणाच्या ना कुणाच्या माळ्यावर असतोच. डोहाळजेवणाला हॉल घ्यायचं कुणी काढलं तर सरळ म्हणायचं, डॉक्टरांनी गर्दीत जायला नको सांगितलंय.

रंकाळा_९१

मातृवंदना योजनेचा फॉर्म भरला का? पहिल्या बाळाला ५,००० मिळतात, दोन हप्त्यांत. अंगणवाडीत विचारा.

पगारपत्रक

ताई, मी एमआयडीसीतल्या चार-पाच कारखान्यांचे पगार करतो. त्या टाइम ऑफिसवाल्याने अर्धंच सांगितलं.

२१ हजारांची मर्यादा खरी आहे. पण ईएसआयसीचे वर्गणीचे कालखंड दोन असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कालखंड सुरू झाल्यावर मधेच पगार वाढला तर तो कालखंड संपेपर्यंत तुम्ही आतच राहता. वाढ १ ऑक्टोबरपासून लागली तर बाहेर, १ नोव्हेंबरपासून लागली तर ३१ मार्चपर्यंत आत. म्हणून वाढ नाकारू नका, एक महिना पुढे ढकलून मागा. शेठचाही एका महिन्याचा फरक वाचतो, ते खुशीनं हो म्हणतील.

शिवाय एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ मिळतात. बाळंतपणाच्या लाभाला आधीच्या दोन कालखंडांत मिळून ७० दिवसांची वर्गणी लागते, ती तुमची कधीच झाली. २६ आठवडे, पूर्ण सरासरी रोजाने. तुमचा रोज साधारण ६८३ पडतो, १८२ दिवसांचे अंदाजे १ लाख २४ हजार. यातले जास्तीत जास्त ८ आठवडे तारखेआधी घेता येतात. तब्येत साथ देत असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर आधी कमी घ्या, बाळाजवळ जास्त दिवस मिळतील.

आणि समजा ईएसआयसीतून बाहेर पडलात, तरी कारखान्याला मातृत्व लाभाचा कायदा लागू आहे. २०१७ पासून त्यातही २६ आठवडेच आहेत, फक्त पैसे कंपनीला द्यावे लागतात. रजा कुठेच जात नाही.

एक लक्षात ठेवा, हे पैसे पगारासारखे १ तारखेला येत नाहीत. दावा भरायचा, मंजूर झाला की खात्यावर. तेव्हा दोन महिन्यांचं भाडं बाजूला काढा. खात्याचा नंबर, आधार आणि नवऱ्याचं नाव कुटुंबात नोंदलंय का, हे आत्ताच बघून घ्या.

रंकाळा_९१, तुमची माहिती बरोबर आहे, पण कायद्याने असाच लाभ ज्यांना मिळतो त्यांना मातृवंदना लागू नाही. ताईंनी ते ५ हजार हिशेबात धरू नयेत.

स्टोअरवाली

पगारपत्रक दादा, तुमचं उत्तर मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं. एक राहिलं. सासूबाईंना राजारामपुरीतलं खासगी हॉस्पिटल हवंय, आई म्हणते पहिलं बाळंतपण माहेरी, गडहिंग्लजला. ईएसआयसी चालेल का तिथं?

पगारपत्रक

आधी तुमच्या कार्डावरच्या दवाखान्यात जा आणि पुढे कुठे पाठवतात ते विचारा. स्वतःच्या मनाने खासगीत गेलात तर बिल तुमचं. सरकारी रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरला किंवा गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयात, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण मोफत आहे. सिझर, औषधं, जेवण सगळं त्यात येतं. आणि मिस्टरांनी सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फीसाठी अर्ज केलाय का? शाहू महाराजांच्या गावात राहून त्यांच्याच नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती सोडायची म्हणजे कमाल आहे. प्रवेश कॅपमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) असेल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॉलेजच्या ऑफिसात नक्की विचारा.

स्टोअरवाली

सोमवारी शेठना भेटले. "नोव्हेंबरपासून द्या" म्हटल्यावर त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. कारण सांगितलं तेव्हा हसले आणि हो म्हणाले.

महाडीबीटीचं मात्र आमचंच चुकलं. गेल्या वर्षी अर्ज भरला होता, पण नवऱ्याचं बँक खातं आधारला जोडलेलं नव्हतं आणि तो पोर्टलला शिव्या घालत बसला. आज बँकेत जाऊन आला.

आत्या, भिशीत माझा नंबर मार्चचा होता. डिसेंबरवाल्या काकूंना लेकीच्या ॲडमिशनला मार्चमध्येच पैसे हवे होते, त्यांनी लगेच बदलून दिला. १२ हजार तिथून, उरलेले ६ शिकवण्यांच्या पैशांतून. हॉस्पिटलचं अजून ठरलेलं नाही. सासूबाई आणि आई दोघी गणपतीत एकाच घरात असणार आहेत.

बावड्याची आत्या

मग तू तेवढे दोन दिवस सेकंड शिफ्टच घे.