मनीऑर्डरची कोरी कूपनं : मुलीला काय सांगू?

माजी हवालदार, वडोदरा

माझं वय ६६. दांडिया बाजारजवळ एकटाच राहायचो, चार महिन्यांपासून मुलगी आली आहे. १९७९ साली ईएमईत (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारी लष्कराची शाखा) व्हेईकल मेकॅनिक म्हणून भरती झालो, २००३ साली हवालदार म्हणून पेन्शन आलो. १९८६ साली लग्न, १९८८ साली मुलगी, १९९७ साली परस्पर संमतीनं घटस्फोट. तिची आई तिला घेऊन सांगलीला माहेरी गेली, पुन्हा लग्न केलं नाही. गेल्या वर्षी ती वारली. आता मुलीचाही घटस्फोट झालाय.

मुलीनं येताना आईचा पत्र्याचा डबा आणला. त्यात मी दर महिन्याला पाठवलेल्या मनीऑर्डरींची कूपनं, १९९७ पासून २००६ पर्यंतची, दोऱ्यानं बांधलेली. कूपनावर निरोपाला जागा असायची. एकावरही अक्षर नाही. परवा रात्री तिनं गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. "बाबा, एक ओळसुद्धा नाही?"

मी म्हणालो, फौजेत वेळ कुठे असतो. खोटं बोललो. लेहला होतो तेव्हा हिवाळ्यात इंजिनाखाली स्टोव्ह पेटवून गाडी गरम करायला तासभर बसावं लागे. उघड्या हातानं पाना धरला तर कातडी चिकटायची. पण त्या तासात हातात दुसरं काम नसायचं, पत्र लिहिता आलं असतं. साठ दिवसांच्या रजेवर आलो की घरात पाहुण्यासारखा राहायचो आणि वर हुकूम सोडायचो. बायको सासू-सासऱ्यांचं सगळं निभावून थकली होती, ते मला दिसलं नाही. आता मुलीला खरं सांगावं का? तिचं स्वतःचं दुःख ताजं आहे.

दुसरी गोष्ट, माझ्या माघारी तिला पेन्शन मिळेल का?

फौजीची बायको, ग्वाल्हेर

काका, सांगा. माझे यजमान सीमेवर आहेत. फोन आला की "सगळं ठीक" एवढंच म्हणतात. मी भांडते ती पैशावरून नाही, त्या दोन शब्दांवरून. आणि मुलीच्या आईनं नऊ वर्षांची कूपनं शेवटपर्यंत जपली, टाकली नाहीत, हेही मुलीला माहीत आहे. तिनं उगाच डबा उघडला नसेल.

माजी सुभेदार, इंदूर

पेन्शनचं सांगतो. घटस्फोटित मुलीला कौटुंबिक पेन्शन मिळू शकते, पण तिच्या घटस्फोटाचा दावा तुमच्या हयातीत कोर्टात दाखल झालेला हवा. पुन्हा लग्न केलं तर बंद. तिचं मासिक उत्पन्न ९,००० रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता या मर्यादेत हवं, नोकरी असेल तर ते आधी बघा. आताच निकालाची प्रमाणित प्रत घेऊन सिकंदराबादच्या ईएमई रेकॉर्ड्स ऑफिसकडे तिची नोंद करून घ्या आणि फौजी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर माहिती दुरुस्त करा. तुमच्या माघारी तिला ऑफिसं फिरायला लावू नका. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतही घटस्फोटित आश्रित मुलीची नोंद होते, तेही विचारा.

घरच्या गोष्टीबद्दल मी बोलणार नाही, माझंही काही वेगळं नाही.

माजी हवालदार, वडोदरा

सुभेदारसाहेब, निकालाची प्रत काढायला टाकली. दावा २०२२ चा आहे, म्हणजे माझ्या हयातीतलाच.

काल सांगितलं. ईएमई स्कूलमधल्या दक्षिणामूर्तीच्या देवळात गेलो होतो, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं ते. लग्नानंतर तिच्या आईला पहिल्यांदा तिथेच नेलं होतं. पायरीवर बसून म्हणालो, वेळ होता, मला लिहिता येत नव्हतं. रागावलेल्या माणसाला काय लिहायचं ते कधी कळलंच नाही, म्हणून फक्त पैसे पाठवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग पर्समधून शेवटचं कूपन काढलं, २००६ चं, आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं. काय लिहिलं ते इथे नाही सांगत.