अराजक, अराज्य, अनागोंदी: कुठं कोणता शब्द?

प्रश्न (लातूर): अकरावीच्या राज्यशास्त्राच्या टिपणात ‘अ‍ॅनार्किझम’ला ‘अराजकतावाद’ लिहावं की ‘अराज्यवाद’? ‘शहरात अराजक, कायदा-सुव्यवस्थेचे तीनतेरा’ अशा बातम्या वाचून मुलं अ‍ॅनार्किस्ट म्हणजे दंगलखोर असंच धरून चालतात.

परभणी: ताई, ‘अराज्यवाद’च लिहा. ‘अराजक’ हा मुळात बहुव्रीही: ज्याला राजा नाही असा देश. रामायणात दशरथ गेल्यावर ऋषी ‘नाराजके जनपदे’ अशी सुरुवात करत श्लोकामागून श्लोक सांगतात. राजा नसेल तिथं पाऊस पडत नाही, मूठभर बी पेरलं जात नाही. तेव्हापासून या शब्दाला भीती चिकटलेली आहे. ग्रीक शब्दाचंही तेच: ‘अन्’ म्हणजे नाही, ‘आर्खोस’ म्हणजे अधिपती, आणि वापर मात्र शिवीसारखा. ती शिवी फ्रेंच विचारवंत प्रूदाँनं 1840 मध्ये स्वतःचं नाव म्हणून उचलली. सत्ता नसली तरी व्यवस्था असू शकते, हाच त्याचा दावा.

ही कल्पना आपल्याकडंही जुनीच. शांतिपर्वात भीष्म सांगतात, एके काळी राज्य नव्हतं, राजा नव्हता, दंड नव्हता, दंड देणाराही नव्हता. प्रजा धर्मानंच एकमेकांना राखत होती. पुढं मोह-लोभ शिरले म्हणून राजा आला, हेही तिथंच आहे. मुलांना दोन्ही सांगा, अर्धंच सांगू नका.

धाराशिव: परभणीकरांना जोड म्हणून बोलीतले शब्द बघा. ‘अनागोंदी’ हा शब्द तुंगभद्रेकाठच्या आनेगुंदीवरून आला असं मानतात. ते विजयनगरच्या राजांचं जुनं ठाणं, पुढं आपल्यासारखंच निजामाच्या राज्यात होतं. ‘मोगलाई’ तर खुद्द आपल्याच मुलखाचं नाव, कारण पेशवाईत निजामाला मोगलच म्हणत. ‘इथं काय मोगलाई लागली का?’ असं अजून ऐकू येतं. ‘रझाकारी’ 1948 ची, निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांची. ‘बेबंदशाही’, ‘झोटिंगशाही’, ‘पेंढारशाही’ यांत ‘शाही’ आहेच. यातला एकही शब्द राजा नसण्याचा नाही. रझाकारांनी गावं लुटली तेव्हा निजाम गादीवरच होता, कोर्ट-कचेऱ्या चालू होत्या. म्हणून रझाकारीला ‘अराजक’ म्हणताना मी तरी थांबतो. ती सत्तेच्या आश्रयानं चाललेली दहशत होती.

उलट ‘गोंधळ’ पाहा. गडबडीला आपण हाच शब्द वापरतो, पण आई भवानीचा गोंधळ किती रेखीव असतो! पाटावर नवं वस्त्र, त्यावर तांदळाचा चौक, मध्ये कलश, भोवती पाच उसांची खोपी, बाजूला पेटती दिवटी. आधी गण, मग गावोगावच्या देवांना ‘गोंधळा या’ म्हणून बोलावणं, मग आख्यान, शेवटी आरती. संबळ कधी चढवायचा हे कुणी हुकूम देऊन सांगत नाही.

नांदेड: ‘कायदा व सुव्यवस्था’ या जोडशब्दाबद्दल. बातमीत हे दोन्ही एकच समजतात, न्यायालय तसं समजत नाही. राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 1965 मध्ये एकात एक तीन वर्तुळं मांडली. सर्वांत मोठं कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षेचं. दोघांची हाणामारी झाली तर कायदा मोडतो, सार्वजनिक सुव्यवस्था मोडेलच असं नाही. लोहियांवरच्या आदेशात नेमका मोठ्या वर्तुळाचा शब्द पडला होता, म्हणून आदेश टिकला नाही. राज्यघटनेच्या राज्यसूचीतही पहिली नोंद ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ अशीच आहे. तेव्हा चोऱ्या वाढल्या म्हणून ‘अराजक’ लिहिणं चूकच.

लातूर: मग बाबासाहेबांचं ‘अराजकाचे व्याकरण’? तिथं ‘अराज्याचे’ करायचं का?

परभणी: नाही, तिथं ‘अराजक’च बरोबर. 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत ते बोलत होते ते सनदशीर मार्ग खुले असताना कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह चालू ठेवण्याबद्दल. प्रूदाँच्या विचाराबद्दल नव्हे. गांधीजींनी 6 फेब्रुवारी 1916 ला काशीत स्वतःला वेगळ्या प्रकारचा अ‍ॅनार्किस्ट म्हटलं, तिथं मात्र ‘अराज्यवादी’.

मुलांना एक पारख द्या. त्या जागी ‘बेबंदशाही’ घालून वाक्य टिकलं तर ‘अराजक’ ठेवा. ‘राज्यसंस्थेविना समाज’ घालून टिकलं तर ‘अराज्य’. ‘रशियन विचारवंत क्रोपोत्किन अराज्यवादी होता’ हे बरोबर. ‘मोर्चात अराजकतावादी घुसले’ हे खोडा आणि त्यांनी दगड मारले असतील तर सरळ ‘दगडफेक करणारे’ लिहा.